वहिनींची जीप आणि दुसरं इंजिन

फोन आला तेव्हा मी कामशेतला, वहिनींच्या जीपचं इंजिन उचलायला भाड्याची चेन-पुली टेम्पोत चढवत होतो. शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "लगेच या... सिस्टर उठत नाहीयेत." त्याच टेम्पोत बसून लोणावळ्याला आलो. निर्मलावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, जरा पाठ टेकते म्हणून आडव्या झाल्या, त्या गेल्याच. दुपारी पडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी आंदर मावळातल्या डोंगरी गावांत झाली. दादा गेल्यावर त्याची जीप चालवायला शिकल्या आणि निवृत्तीनंतरही वर जात राहिल्या. तिकडे एस.टी. क्वचितच; अडलेली बाई, साप चावलेला माणूस... खाली आणायला हीच गाडी. यंदा चढावर इंजिन जाम झालं. मेकॅनिक म्हणाला, भंगारात काढा. वहिनींनी उलट भंगारातूनच दुसरं इंजिन शोधून आणलं आणि घरच्या गॅरेजमध्येच बदलायचं ठरवलं.

मग त्यांना चैन कुठली! बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला, तरी जेवताना मधेच उठून एखादा गंजका नट सैल झाला का पाहायला जायच्या.

"वहिनी, दोन घास तरी खा."

"भाऊजी, धोंडूआबांच्या सुनेचे दिवस भरत आलेत. घास उतरतोय कुठे?"

आबा मुद्दाम वरून विचारायला आले होते. "सिस्टर, गाडी कवा येनार? न्हाईतर सुनंला झोळीतनं आनावी लागंल."

"येते आबा. मीच घेऊन येते."

वहिनी गेल्यावर नातेवाईक म्हणाले, जीप विकून टाक. मलाही दुसरं सुचत नव्हतं. पण दिवसकार्य आटोपलं आणि आबा गावातले गडी घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहिले. "सून बाळंत झाली. दुधाच्या टेम्पोत घालून न्हेली. दोगंबी बरी हायती... आता ह्ये इंजान उचलू."

त्याच मेकॅनिकला बोलावलं. जुनं निघालं, दुसरं बसलं.

परवा आबांना शेजारी घेऊन वर गेलो. गाडी गावात शिरली तरी कुणी बाहेर आलं नाही. आबा म्हणाले, "आदीचा आवाज वळखीचा व्हता. खिंडीत आला की बाया दारात यायच्या."

हॉर्न वाजवला, तेव्हा बाया आल्या. सूनही बाळ घेऊन आली. प्रत्येकीने आधी ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं... ती सीट अजून वहिनींच्या उंचीला पुढे ओढलेली आहे. माझे गुडघे स्टिअरिंगला घासतात. मागे सरकवायला खाली एक खटका आहे, तिकडे हात जात नाही.