मेणाच्या बदमाशांची आत्या

माझ्या आत्याच्या ओळखीची माणसं एकजात बदमाश. एकीने विष विकलं, एकाने माणसं फासावर लटकवली, एकाने दुसऱ्याच्या मालकीचा मनोरा परस्पर भंगारात काढला. आता ती सगळी मेणाची आहेत, ही गोष्ट वेगळी. संग्रहालयात ‘कुप्रसिद्ध’ नावाचं दालन आहे, तिथे ती ओळीने उभी असतात आणि आत्या मऊ ब्रशने त्यांची नाकं-कान झाडत लोकांना त्यांचे प्रताप सांगते. धूळ संपली की गोष्ट संपली. ज्याला जास्त सुरकुत्या, त्याची गोष्ट लांब.

“हं, तर हा बघा. हनुवटी वर कर रे! ह्याने काय करावं? सरकारी अधिकारी असल्याचं सोंग आणून शहरातला लोखंडी मनोराच भंगारवाल्याला विकला. भंगारवाला बिचारा लाजेपायी पोलिसांकडे गेलाच नाही. तेव्हा हा पठ्ठ्या परत हजर, दुसरं गिऱ्हाईक गाठायला! हात काढ खिशातून. मेला सरळ उभा राहील तर शपथ.”

लोक पोट धरून हसतात, कारण ब्रश कुणाच्या नाकात चाललाय ते समोर दिसत असतं.

विषवालीशी आत्या जरा तुटकच. “देवाच्या चित्राच्या बाटलीत विष घालून बायकांना विकायची हो! नवऱ्यांना वाटायचं, बायको किती देवभोळी.” डुकरिणीवर मात्र तिचा जीव. जुन्या काळी दूरच्या एका देशात जनावरांवरही खटले चालायचे, आणि ही डुकरीण म्हणे माणसाचे कपडे घालून फासावर गेली. “अंगात कोट आणि बाजू मांडायला जीभ नाही,” असं म्हणून आत्या तिच्या कोटाचं बटण नीट लावते. आणि सगळ्यात लाडका तो जल्लाद. त्याच्या वाट्याचा पाव बेकरीवाला उलटा ठेवायचा म्हणतात, दुसऱ्या कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. “काम कुणी सांगितलं? गावाने. वाळीत कुणाला टाकलं? ह्याला. कान इकडे कर, बाळा.”

तर एके दिवशी आमच्या ह्या सुखी संसारात साहेब शिरले. साहेब म्हणजे संग्रहालयाचे नवे व्यवस्थापक. वाईट नाहीत, पण प्रत्येक वाक्याला शेपूट.

“ताई, आता हेडफोन येणार, बरोबर? लोक कानाला लावून फिरणार. आवाज तुमचाच घेऊ, तुम्हाला सगळं पाठ आहे, बरोबर? चांगला आला तर दालन तुमचं. नाही आला तर रेडिओवरच्या एक बाई तयार आहेत. मग पुतळे पुसायला कंपनीची माणसं, आणि तुम्ही खाली पिशव्यांच्या काउंटरवर. बसून काम, बरोबर?”

“बरोबर,” आत्या म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिने भांडी अशी घासली, की कढईला स्वतःचा भूतकाळ आठवला असेल. “पिशव्यांशी काय बोलू मी?” एवढंच म्हणाली.

रेकॉर्डिंगवाल्याची खोली म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेलं कपाट. आत्या खुर्चीत बसली, मांडीवर हात, समोर माइक. मी काचेच्या अलीकडे. आणि तिच्या तोंडून निघालं ते असं.

“सदर. इसमाने. लोखंडी. मनोरा. विकला.”

“ताई,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “शोकसभा आहे का?”

परत केलं. मग परत. शेवटी तो हळूच म्हणाला, “उद्या एकदा बघू. संध्याकाळी साहेबांना काहीतरी पाठवावं लागेल.”

रात्री जेवताना आत्या नुसता भात चिवडत होती. बाबांना बहिणीचे हाल पाहवेनात, त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मग मी उठले, मिठाची बरणी हातात घेतली आणि आत्या झाले. “हनुवटी वर कर गं! हं, तर हिने काय करावं? देवाच्या चित्राच्या बाटलीत...” एका हातात बरणी, दुसऱ्या हाताने फडकं बरणीच्या कानाकोपऱ्यांत. बाबांना ठसका लागला.

आत्याने घास खाली ठेवला. “ए माकडा, मी अशी पुसते सारखी?”

“पुसल्याशिवाय तू कधी बोललीयस?”

तिने आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग बाबांकडे. “दादा, तुझा टेम्पो सकाळी रिकामा आहे?”

अख्खे पुतळे हलवणं शक्य नव्हतं, पण मुंडकी फिरवली की निघतात. केस धुवायला ती नेहमी काढतेच. सकाळी पहारेकऱ्याला सांगून आम्ही धुण्याच्या टोपलीत टॉवेल घातले आणि मुंडकी भरली. डुकरीण सगळ्यांत वर. जल्लादाला आत्याने मांडीवर घेतलं.

“जल्लादाचंच मुंडकं उडवलंस गं,” बाबा म्हणाले.

“गाडी सावकाश चालव. नाक नाजूक आहे त्याचं.”

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने खिडकीतून डोकावलं. हिरवा दिवा लागला तरी तो तिथेच.

रेकॉर्डिंगवाल्याने टोपली बघितली आणि स्वतःच खुर्चीत बसला. आत्याने मनोरेवाल्याला टेबलावर ठेवलं, ब्रश काढला, आणि खोलीचं दालन झालं. “हं, तर हा बघा. हनुवटी वर कर रे! ... हात काढ खिशातून!”

“ताई,” तो कुजबुजला, “त्याला हात नाहीत.”

“सवय वाईट आहे त्याची,” आत्या न थांबता म्हणाली. तेही रेकॉर्ड झालं.

साहेबांनी सगळं ऐकलं. “छान आहे, बरोबर? पण ती दटावणी काढून टाका. लोकांना त्याचं काय, बरोबर?”

रेकॉर्डिंगवाल्याने फोनवर सांगितलं की दटावणी वाक्याच्या पोटात आहे, काढली तर वाक्य मरेल. साहेब म्हणाले, पहिल्या दिवशी ऐकवून बघू, मग ठरवू.

पहिल्या दिवशी दालनात चिडीचूप. सगळ्यांच्या कानावर हेडफोन. आत्या कोपऱ्यात ब्रश घट्ट धरून उभी, कारण कुणी हसत नव्हतं. लोक मनोरेवाल्यासमोर आले. आणि ओळीतल्या एकूण एक माणसाची हनुवटी वर गेली. टाय लावलेला एक गृहस्थ, दोन आज्या, एक जाडजूड पोलीस. जरा वेळाने सगळ्यांचे हात झटकन खिशांतून बाहेर. तेवढ्यात त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पोलिसाला जे हसू फुटलं ते आवरेना.

ओळीच्या टोकाला साहेब होते. त्यांचेही दोन्ही हात बाहेर, सरळ, मांड्यांना चिकटलेले.

त्यांनी हेडफोन काढला. “ताई, ते पिशव्यांचं काउंटर... दुसरं कुणी बघेल.” शेपूट लावायचं ते विसरले.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती तशीच त्यांना ओलांडून जल्लादाकडे गेली. मुंडकी परत बसवायचं काम बाबांनी केलं होतं, आणि जल्लादाचं तोंड भिंतीकडे झालं होतं.

“पाव उलटा, आता मानही उलटी,” ती त्याचे दोन्ही कान धरून म्हणाली. “इकडे बघ, बाळा. पाहुणे आलेत.”