वहीच्या मागल्या पानावरचा निरोप

आष्ट्याच्या अलीकडं जी ऊसपट्ट्यातली वस्ती लागते, तिथं जाऊन कृष्णात हवालदार कुठं राहतात असं विचारलं, तर माणसं डोकं खाजवतात. बूथवाले आबा म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवतं. बूथ बंद होऊन पंधरा वर्षं झाली. पिवळा बोर्ड गोठ्याच्या दाराला फळी म्हणून ठोकलाय आणि त्यावरची अक्षरं म्हशीनं चाटून पुसट केलीत. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर आबांनाही ते सुटावं असं कधी वाटलं नाही.

आबा फौजेत सिग्नलला होते. वीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप घेतले आणि पोचवले. पेन्शनीला आल्यावर घराच्या पडवीत फोनचं बूथ टाकलं, तेव्हा फौजेची शिस्तही बरोबर आणली. गावात तेव्हा दुसरा फोन नव्हता. बाहेरगावचा फोन आला की आबा निरोप घ्यायचे, वहीत लिहायचे आणि पायात चपला घालून निघायचे. वहीत चार रकाने असत. किती वाजता आला, कोणासाठी, काय निरोप आणि शेवटचा रकाना ‘पोचला’. त्यात वेळ घालायची आणि ज्याचा निरोप त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. वेळ फौजी पद्धतीची. दुपारचे चार म्हणजे सोळाशे. गावातल्या बायका म्हणायच्या, निरोप एक ओळीचा आणि थाट कोर्टाच्या समन्साचा.

“एकबी निरोप मागं ऱ्हाऊ दिला न्हाई,” असं आबा आजही सांगतात. पंच्याहत्तरीच्या माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. कोणी जमीन मिरवतं, कोणी नातवाचा पगार. आबा हे वाक्य मिरवायचे.

रविवारी पडवीत बसायला जागा नसायची. निम्म्या गावाची पोरं फौजेत, आणि त्या दिवशी सगळ्यांचे फोन यायचे. आया काचेच्या दारामागं उभ्या राहून अशा ओरडायच्या, जणू आसामपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचाय. ‘जेवलास का’ हे तर शेजारच्या रानात ऐकू जायचं. आणि मग मधेच एखादी एकदम गप्प व्हायची, रिसीव्हर कानाला गच्च दाबून नुसती ऐकत राहायची, तेव्हा बाहेरची रांगही गप्प व्हायची. आबांना आता या साऱ्याची फार आठवण येते. हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे आणि कोणालाच कोणाचं कळत नाही, असं त्यांचं मत आहे.

आबा नसले की बूथवर त्यांची बायको बनाबाई बसायची. चौथीपर्यंत शिकलेली, निरोप लिहायची, पण आबांच्या वळणदार अक्षराशेजारी आपलं अक्षर लिहायला लाजायची. मन मोठं, हात सढळ, आणि एक हट्ट विचित्र. एका वर्षी तिनं घरात शेंगदाण्याचे लाडू करणंच बंद केलं. आबा चिडवायचे, सांगली जिल्ह्यात राहून शेंगदाण्याशी भांडण घेतलंस व्हय. ती हसायची नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि चिडवायचंही संपलं.

आबांची नात अंकिता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या पेटीत तिला एकोणीस वह्या सापडल्या. वाळवी लागायच्या आत त्या कॉम्प्युटरवर उतरवायचं तिनं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी आबा वाचायचे, ती टाइप करायची.

“प्रत्येक निरोप म्हणजे एक सुटा कागद,” तिनं आबांना समजावलं होतं. “सगळे एकाच पेटीत. एकाला सही आहे, एकाला नाही, एकाला वेळ मागाहून लिहिलीय, तरी पेटीला काही फरक पडत नाही. जसा आहे तसा ठेवते. आणि कुठलीही तारीख नि वेळ दिली की त्या वेळेच्या जवळचा कागद काढून देते.”

आबांना हे पटलं. गावाला त्याहून जास्त पटलं. माणसं येऊन विचारायला लागली. धाकटा जन्मला त्या दिवसाच्या आसपास काय निरोप आला होता? पहिला पगार झाला तेव्हा? अंकिता वेळ घालायची आणि पडद्यावर एखादा जुना निरोप उभा राहायचा. ‘बर्फ पडतोय. स्वेटर बरोबर बसला.’ ‘बैल विकू नका, मी येतोय.’ ऐकणारा माणूस हसायचा आणि आणखी एक काढ म्हणायचा. पडवीला परत रविवार आल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी अंबूबाई आली. चार घरं सोडून राहणारी, अठ्ठावन्नची, बोलायला कमी. तिचा नवरा मानसिंग फौजेत गाडीवर ड्रायव्हर होता. नव्व्याण्णव सालच्या अकरा फेब्रुवारीला, दुपारी साडेतीन वाजता, वर काश्मीरकडच्या रस्त्यावर दरड गाडीवर आली आणि तो गेला. तारीख आणि वेळ फौजेच्या कागदावर आहे आणि अंबूबाईला ती पाठ आहे.

ती पायरीवरच टेकली. “अंकिता, मला त्या येळंच्या जवळचा निरोप बघायचा हाय. असला तर.”

मग तिनं जे सांगितलं, ते आबांनीही पहिल्यांदाच ऐकलं. संक्रांतीला मानसिंग सुट्टीवर आला होता. आता बास झालं, पेन्शनीला या, असं तिचं म्हणणं. अजून दोन वर्षं काढतो, असं त्याचं. भांडण पेटलं. तो निघाला त्या दिवशी त्याला मिरजेला गाडीत बसवून द्यायला ती गेली नाही. दर खेपेला जायची. पुढं आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. शेवटी शेंगदाण्याचे लाडू केले आणि तिकडंच निघालेल्या एका जवानाबरोबर डबा दिला. त्यानं तो पुढच्या गाडीवर दिला. पुढचं त्यालाही माहीत नव्हतं.

“डबा गावला का न्हाई, राग गेला का न्हाई, काय कळलंच न्हाई,” ती म्हणाली. “तुमाला इचारायचं धाडस झालं न्हाई, दादा. निरोप आला असता तर तुमी आणून दिलाच असता, ह्ये ठावं व्हतं. म्हणूनच इचारलं न्हाई.”

आबांनी मनात दिवस मोजले. त्या आठवड्यात ते इथं नव्हतेच. खंडाळ्याला भाचीचं लग्न होतं, चार दिवस बूथवर बनाबाई होती. परत आल्यावर त्यांनी वही पाहिली होती, त्या चार दिवसांत कोरं होतं. तसं त्यांना पक्कं आठवत होतं. तरी त्यांनी मनात देवाला हात जोडले. निरोप नसू दे, असं मागितलं, आणि समोर बसलेल्या बाईकडं बघून त्याच क्षणी त्यांना स्वतःची शरम वाटली.

अंकितानं अंबूबाईचं नाव घातलं, तारीख घातली, साडेतीनची वेळ घातली आणि त्याच्या आधीचा सगळ्यात जवळचा निरोप मागितला. पडद्यावर आलं, ‘सुट्टी मंजूर. संक्रांतीला येतो.’ तारीख दोन जानेवारी. पोचला, सोळाशे पन्नास. अंगठा.

“त्यानंतरचा न्हाई?”

“नाही, काकू.”

अंबूबाईनं मान हलवली. “म्हंजी राग घिऊनच गेला,” ती म्हणाली, पदर सारखा केला आणि निघून गेली. चहा ठेवलाय म्हणून अंकिता सांगत होती, पण ती थांबली नाही.

आबांचं वाक्य शाबूत राहिलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला तर तो कडू लागला.

अंकिता मात्र पडद्यासमोरून हलेना. “आबा, माझंच चुकलं,” ती म्हणाली. “जवळचं म्हणजे मी फक्त मागं बघितलं. अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही काढायला पाहिजे, मग कुणाचं अंतर कमी ते बघायचं.”

“पलीकडं काय असायचंय? माणूस गेल्यावर फोन कोण करतंय?”

“बघायला काय जातंय?”

तिनं आधीचा एक मागितला आणि नंतरचा एक मागितला. आधीचा चाळीस दिवस लांबचा होता. नंतरचा साडेपंधरा तासांवर निघाला. बारा फेब्रुवारी, सकाळी सात.

आबा उठून पेटीपाशी गेले. अकरा नंबरची वही. त्यांनी पानं उलटली, त्या तारखेला कोरंच होतं. “ह्यात न्हाई,” ते म्हणाले. अंकितानं वही त्यांच्या हातातून घेतली आणि उलटी धरून मागून उघडली. “मागची पानं मी एकटीनं घाईघाईत उतरवली, आबा, काय लिहिलंय ते ध्यानातही राहिलं नाही. तुम्हाला वाटलं ती कोरी आहेत. तिथं आजी लिहायची.”

वहीच्या मागल्या बाजूला पंधरा-वीस पानं बनाबाईच्या मोठ्या, एकमेकांना टेकलेल्या अक्षरांनी भरली होती. नवऱ्याच्या सुरेख पानांत आपले कोंबडीचे पाय नकोत म्हणून बाई मागून लिहीत आली होती. आणि लिहायची तेही सवडीनं, धारा काढून झाल्यावर. निरोप ती आधी तोंडपाठ करायची, पोचवायला जायची, मग लिहायची. म्हणून निरोपावर घातलेली तारीख नि वेळ फोनची नसायची, ती लिहायला बसली तेव्हाची असायची. आबांनी चष्मा पुसला आणि वाचलं.

‘काल दुपारी बाराला मानशिंगाचा फोन. अंबूला सांगायचं. लाडू पोचलं. फुटून पीठ झालं. पोरांनी चमच्यानं खाल्लं. मे म्हैन्यात येतो. मिरजंच्या टेसनात ये म्हणावं. काल गेले तर कुलूप, अंबू हळद शिजवाय रानात. आज सकाळी जाते.’

खाली, वेगळ्या पेननं, आणखी एक ओळ होती.

‘गेले. दारात जीप. माणसं. सांगवलं न्हाई.’

आबा खाली बसले. आधी त्यांना राग आला, आणि तो करायला समोर बनाबाई नव्हती. मग लाडू आठवले. दर फेब्रुवारीत ती काही कारण नसताना अंबूबाईकडं जाऊन बसायची, तेही आठवलं. संसार केला, एका ताटात जेवलो, आणि हे ओझं तिनं एकटीनं वागवलं. आपण ‘एकबी निरोप मागं न्हाई’ म्हणत गावभर मिरवत होतो, तेव्हा ती शेजारी बसून शेंगा निवडत असायची. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते नातीपासून लपवलं नाही.

“कॉपी काढून देऊ का?” अंकितानं विचारलं.

“वहीच न्हेतो,” आबा म्हणाले. त्यांनी सदरा बदलला, खिशाला पेन लावलं, पायात चपला घातल्या आणि निघाले. अंकिता मागून चालली.

अंबूबाई अंगणात वाळवण गोळा करत होती. आबा दारात उभे राहिले, पूर्वी राहायचे तसे, उंबऱ्याच्या बाहेर. “अंबू, निरोप हाय,” ते म्हणाले आणि वाचायला लागले. मानसिंगचा निरोप त्यांनी सरळ वाचला. शेवटच्या ओळीला आवाज फाटला, म्हणून ती अंकितानं वाचली.

अंबूबाईनं हातातलं डाळीचं सूप खाली ठेवलं.

“बनाबाईला ठावं व्हतं?”

“व्हय.”

“सत्तावीस वर्सं?”

“तेवीस. मग ती गेलीच की.”

“माज्याकडं येऊन बसायची. दोन-दोन तास. मला वाटायचं हिला घरात करमत न्हाई.” तिचा आवाज चढला. “सांगायला पायजे व्हतं, दादा. मी काय काय समजून जगले, तुमाला काय ठावं.”

“पायजे व्हतं,” आबा म्हणाले. “तिचं चुकलं, आन माजंबी. मी मागली पानं कवा उघडलीच न्हाईत.”

त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. बनाबाईची बाजू मांडायची त्यांना फार इच्छा झाली होती, पण निरोप्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं.

“परत वाचा,” अंबूबाई म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. ‘फुटून पीठ झालं’ इथं ती डोळे पुसता पुसता हसली. “गुळाचा पाक कच्चा ऱ्हायला व्हता. घाई लय झालेली, त्यो जवान दारात उभा. मला तवाच वाटलेलं, ह्ये फुटणार.” मग ती रडली. मोठ्यानं रडली, आणि कोणी तिला गप्प केलं नाही.

शांत झाल्यावर तिनं स्वतःच विचारलं, “अंगठा न्हाई घ्यायचा?”

“घ्यायचा की.”

“अंगठा नको. मी सही शिकलेय आता. पेन्शनीच्या कागदावर करून करून.”

मागल्या पानांवर रकाने नव्हते. आबांनी घराच्या भिंतीला वही टेकवली, बनाबाईच्या ओळीखाली पेनानं एक चौकोन आखला, वर ‘पोचला’ लिहिलं, तारीख घातली आणि घड्याळ बघून लिहिलं, सतराशे चाळीस. अंबूबाईनं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

अंकितानं उभ्या उभ्या फोन काढला आणि पेटीतल्या त्या कागदाला ती वेळ जोडली. आबा वही मिटून निघणार, इतक्यात अंबूबाईनं अंकिताचा दंड धरला.

“पोरी, मे म्हैना कवा लागतोय?”

“अडीच महिने आहेत अजून, काकू.”

“तवा मला एक दिवस मिरजंला न्हे. टेसनात. नुसती उभी ऱ्हाते जरा, मग माघारी येऊ.”