मौलालीनं साफ केलेली विहीर

आमच्या वस्तीवरचा मौलाली विहिरी उपसायचा. चैत्रात पाणी खाली गेलं की त्याला बोलावणं यायचं. कमरेला दोर बांधून तो शांतपणे आत उतरायचा, दिवसभर गाळ काढायचा, आणि वर यायचा तेव्हा त्याच्या अंगाला ओल्या दगडांचा गार वास यायचा. विहिरीच्या तळातून आभाळ ताटलीएवढं दिसतं. त्या ताटलीखाली त्याची चाळीस वर्षं गेली. त्याचा एक नेम होता. पावणा विहिरीत डोकावला तर त्याला स्वतःचं तोंड लख्ख दिसलं पाहिजे.

सत्तरच्या दशकात कोल्हापूरच्या बाहेर माळावर कारखाने उभे राहू लागले. वस्तीवरच्या झुंबरबाईंच्या शेताच्या बांधापलीकडं लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना आला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, वस्तीची भरभराट होणार असं तीन जणांनी हार घालून घेता घेता सांगितलं. कारखान्यानं डिझेलची मोठी टाकी जमिनीत पुरली. तिच्याबद्दल मात्र कुणी भाषण केलं नाही.

चार वर्षांनी भरभराट झुंबरबाईंच्या विहिरीत उतरली. पाण्यावर मोरपंखी तवंग आला, भाकरीला डिझेलचा वास येऊ लागला. वीस घरं त्याच विहिरीचं पाणी पीत होती. कारखान्याचे मॅनेजर मोठे अभ्यासू. त्यांनी खुर्चीवरून न उठता शोध लावला, की बाईंचं पाणी उपसायचं इंजिन गळतं. ते इंजिन एवढंसं, पण मॅनेजरसाहेबांचा त्याच्यावर भारी विश्वास.

झुंबरबाईंनी चार अर्ज केले. पाचव्यावर सरकारी कचेरीतून पत्र आलं, की पाणी तपासणारे साहेब गुरुवारी येतील. सगळं त्या साहेबाच्या कागदावर अवलंबून होतं. तेल कारखान्याचं ठरलं तर टाकी निघणार आणि वस्तीला पाणी मिळणार. इंजिनाचं ठरलं तर इंजिन बंद, आणि वस्तीनं तेच पाणी गोड मानून प्यायचं.

बुधवारी मौलालीच्या कानावर गेलं, की विहीर बघायला पावणं येणार. तो कुणाला न विचारता आत उतरला. गोणपाटं टाकून त्यानं तवंग टिपून घेतला, एकदा नाही, तीनदा. पायऱ्या राखेनं घासल्या, पाण्यात तुरटी फिरवली. वर येऊन रहाटाला झेंडूची माळ बांधली. एवढी देखणी विहीर लग्नघरीसुद्धा नसते.

गुरुवारी साहेब आले. विहिरीत डोकावले. तोंड इतकं स्वच्छ दिसलं की त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग नीट केला. मग बाटली खोल सोडून पाणी भरून घेतलं, चहा घेतला आणि गेले. महिन्याभरानं कागद आला. पाणी पिण्यास योग्य, इंजिनाची निगा राखावी. कागद आला त्या दिवशी विहिरीवर बोटभर तेल होतं.

झुंबरबाई कागद घेऊन मौलालीच्या दारात आल्या.

"मामू, पुरावाच धुतलासा की."

मौलाली म्हणाला, "पावणं येणार हुतं, आक्का. घाण विहीर दावायची व्हय?"

त्याची बायको बिबीजान आतून बोलली, "आता तवंगबी पावणा हाय म्हनून त्याला चहा पाजा."

दुसऱ्या दिवशी मौलालीनं जमिनीला भोक पाडायचं लांब गिरमिट काढलं. दोन गडी घेऊन कारखान्याच्या कुंपणापासून विहिरीपर्यंत त्यानं दर दहा पावलांवर एक भोक पाडलं. एक भोक इंजिनाजवळ पाडलं. प्रत्येक भोकाची वरची माती वेगळी, पंधरा फुटांवरची वेगळी, अशी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरली. आठ दिवस तो हेच करत होता. मॅनेजरसाहेब कुंपणाआडून बघून हसले. मौलालीला गुप्तधन सापडावं, अशी शुभेच्छाही त्यांनी दिली.

मग डबे बैलगाडीत घालून तो कचेरीत गेला. तिथं म्हणे साहेब कामात आहेत. मौलालीनं बाकावर डबे मांडले आणि एकेक झाकण उघडलं. ज्या कचेरीत चार अर्ज जागचे हलले नव्हते, तिथली माणसं मिनिटभरात नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात आली. साहेबही आले.

"साहेब, ह्यो इंजिनाजवळचा डबा," मौलाली म्हणाला. "वरची माती तेलकट हाय, खाली मुरूम कोरा. सांडलेलं तेल वरच ऱ्हायलं. ह्यो कुंपणाकडचा. वरची माती कोरी, खालचा मुरूम तेलानं भिजलाय. हे तेल खालनंच आलंय."

साहेबांनी दोन्ही डबे हुंगले, पुन्हा हुंगले. माणूस वाईट नव्हता, फक्त कंगवा बाळगणारा होता. सोमवारी येतो म्हणाले.

आता खरी परीक्षा आली. चार दिवस मौलाली विहिरीच्या काठावर राखणीला बसला, स्वतःपासूनच. बिबीजाननं घरातली गोणपाटं पेटीत घालून कुलूप लावलं.

सोमवारी साहेब विहिरीत डोकावले. खाली काळं, जाड, मेलेलं पाणी. त्यांना त्यात काही दिसलं नाही. मौलाली पाठ फिरवून उभा होता, घरात भांडण चालू असताना सोयरे यावेत तसा. साहेबांनी या खेपेला बाटली वरच्यावर बुडवली, सगळी भोकं मोजली, तिथंच बसून पंचनामा लिहिला.

पुढं टाकी उकरून काढली तेव्हा तिचा तळ चाळणीसारखा झाला होता. मॅनेजरसाहेबांना फार आश्चर्य वाटलं. वस्तीला कारखान्याचा पाण्याचा टँकर येऊ लागला, आणि तो आला की आधी झुंबरबाई झाकण उघडून वास घेत. विहीर सुधारायला पंधरा-वीस वर्षं लागतील असं साहेब म्हणाले.

पण त्या सोमवारी हे काही ठाऊक नव्हतं. साहेबांनी सही केली तसा मौलाली वळला.

"झालं लिवून?"

"झालं."

"शिक्काबी?"

"शिक्काही."

मौलालीनं काठावर उभ्या बिबीजानपुढं पेटीच्या किल्लीसाठी हात केला. साहेब गाडीत बसायच्या आत तो गोणपाट खांद्यावर टाकून पायऱ्या उतरत होता.