समोर नवरी नसताना

माझा थोरला भाऊ काष्टीला राहतो आणि सनई वाजवतो. मी नगरला सावेडीत राहते आणि नागापूरच्या एका कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघते. तेव्हा त्याचं सनईवादन विकायचं काम माझ्याकडे आलं यात नवल नाही. लग्नात डीजे आल्यापासून त्याला बोलावणी कमी झाली होती. फार पूर्वी एका कॅसेटवाल्याने त्याला दिवसभर वाजवायला बसवलं होतं. कॅसेट निघाली तेव्हा वर गणपतीचं चित्र होतं, दादाचं नाव नव्हतं. या वेळी मधे कोणी नको, असं मी ठरवलं. इंटरनेटवर त्याच्या नावाचं दुकान उघडलं आणि मोबाईलवर घेतलेलं एकेक वादन त्यावर चढवलं. हवं त्याने पैसे भरावेत, उतरवून घ्यावं.

घेणाऱ्या बहुतेक बायका निघाल्या, लांब दिलेल्या. हळदीचं, वरातीचं घ्यायच्या आणि खाली विचारायच्या, पाठवणीचं कुठे आहे?

मलाही तेच हवं होतं. माझ्या पाठवणीला दादाच वाजवत होता, पण माझं सगळं लक्ष शिलाई मशीन टेम्पोत नीट बांधलंय का याकडे. त्यातला एकही सूर आठवत नाही. आईवडील होते तोवर ते आठवावंसं वाटलंही नाही.

दादा मात्र ऐकेना. समोर नवरी नसताना पाठवणी वाजवायची नाही, नाहीतर घरातलं कुणीतरी जातं, असं त्याला शिकवणाऱ्याने सांगून ठेवलेलं. हळद, वरात कधीही वाजवेल, पण हे नाही. मी विषय सोडला असता, पण त्याचे पुढचे दात हलायला लागले. दिवाळीनंतर काढायचे ठरले. सनईची पत्ती ओठांत धरायची तर मागे दातांचा आधार लागतो. कवळीवर जमेल का, हे त्यालाही माहीत नव्हतं.

बाजाराचा दिवस टाळून मी काष्टीला गेले. पुन्हा तेच बोलणं सुरू झालं तेव्हा वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, “वन्सं हायेत की. त्यांनाच लावा वाटंला.”

“हिला? आता हिला कोन नेनार?”

“नगरची एस.टी.,” मी म्हणाले.

दादा हसला. “तसं चालंल. पन खरंच जायचं. उंबऱ्याभाईर पडलीस की मागं बघायचं न्हाई, माघारी यायचं न्हाई.”

“अरे, मग मी ऐकणार कधी? एवढ्यासाठी तर आले.”

“बाकीच्या ऐकत्यात तशी ऐक. मोबाईलात.”

मी जेवून घेतलं. वहिनीने ओटी भरली, पदरात नारळ आणि तांदूळ घातले, वर “रडायला यील का?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, बघू. तिने आपला मोबाईल कोनाड्यात टेकवून चालू केला. दादाने पत्ती ओल्या ओठांत धरली आणि मी उंबरा ओलांडला.

अंगणभर ऐकू आलं. फाटकाची कडी लावतानाही आलं. कडी लावताना लक्षात आलं की चष्मा आतच राहिला. फळीवर, मीच ठेवलेला. मागे न बघता तशीच निघाले. रस्त्याला लागले तोवर सनई बारीक झाली होती, मग उसाच्या ट्रॅक्टरने तीही बुडवली. स्टँडवर गाडीची पाटी वाचता येईना. शेजारच्या बाईला विचारून चढले. नारळ मांडीवर घेऊन नगरपर्यंत बसले, आणि वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर गाडीत मिळालं.

दादाचे दात ठरल्याप्रमाणे काढले. कवळी बसली. जेवताना चांगली चालते, सनईवर फुंकर निसटते. तो अजून रोज बसून बघतो.

पाठवणीचं मी आलं तसंच दुकानात ठेवलं. ते लांबलचक आहे. पाठवणी गाडी सुटेपर्यंत वाजवायची असते आणि घरात बसून माझी गाडी कधी सुटली हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यात फाटकाची कडी वाजते, त्यानंतरही तो कितीतरी वेळ वाजवतो. ते मी तिथे असताना वाजलेलं नाही, म्हणून तेवढंच मी पुन्हा पुन्हा लावते. शेवटी सनई थांबते आणि दादा दम घेत वहिनीला विचारतो, “मिळाली असंल न्हवं गाडी?”

परदेशातून एकीने लिहिलं, वादन फार छान आहे, पण शेवटचं बोलणं काढून पाठवाल का? मी कळवलं, माल आहे तसाच मिळेल.