खुंटीवरचा मृदंग आणि शेजारची कॉलेजची पोरं

"...त्या कॉलेजच्या पोराईनं म्हणते कारंज्याले जाऊन सखारामले..."

एवढंच माझ्या कानावर आलं. विहिरीवर शेवंताबाई कोणाला तरी सांगत होती. माझी घागर दिसली तशी तिनं तोंड मिटलं आणि दोर सोडला. सखाराम म्हणजे माझा धाकटा दीर. माझ्याच दिराची गोष्ट मला अर्धी ऐकू यावी, हे काही मला सोसण्यासारखं नव्हतं. गल्लीत कोणाकडे काय शिजलं ते हिला वासावरून कळतं, असं आमचे हे म्हणतात. ते खोटं नाही.

तर तो उरलेला अर्धा शोधता शोधता माझ्याजवळ हे किस्से जमले. मी चौथीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही. पण किस्से कापसाच्या बोंडांसारखे असतात. एक वेचायला वाकलं की शेजारी चार फुटलेली दिसतात.

नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा झाली, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. वर्ध्याला आमच्या भिंतीला लागून एक खोली होती. ती दोन पोरांनी भाड्यानं घेतली. प्रभाकर आष्टीचा, नामदेव नाचणगावचा. दोघंही बी.ए.ला. भिंत पातळ असल्यामुळे त्यांच्यासोबत माझंही थोडं थोडं बी.ए. होत होतं.

आमच्या घरी खुंटीवर एक मृदंग टांगलेला असे. हे आणि सखाराम मिळून दंडार करायचे. दंडार म्हणजे दिवाळीच्या दिवसांतला गाण्याचा, नाचाचा आणि सोंगांचा खेळ. सखाराम गायचा, हे वाजवायचे. सहा वर्षांपूर्वी आष्टीच्या खेळात यांचा ठेका एकदा, फक्त एकदा, घसरला. सखारामनं गाणं थांबवलं आणि लोकांकडे वळून म्हणाला, "मायबापहो, जरा दम धरा. आमच्या दादाले डुलकी लागली."

माणसं पोट धरधरून हसली. यांनी मृदंग उचलला, घरी आणला, खुंटीवर टांगला. सखाराम सासरी कारंज्याला शेती करायला निघून गेला. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. आमचं घर इतकं शांत झालं, की शेजारपाजारचं ऐकायची सवय मला तिथूनच लागली.

तो मृदंग पुन्हा खाली उतरावा, एवढंच मला देवाकडे मागायचं होतं. देवानं ही दोन पोरं पाठवली.

*

पहिल्याच आठवड्यात नामदेव पाणी मागायला आला. त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली हे मला आधीच माहीत होतं. मला सगळं आधीच माहीत असतं. मी पाण्याचा गडवा वरून धरला, त्यानं ओंजळ करावी म्हणून. त्यानं ओंजळ केली नाही.

"काकू, आमच्या खोलीत पेला आहे. आणतो," म्हणाला आणि गेला. तो आलाच नाही. मी आपली गडवा धरून दारात उभी. किती वेळ उभी होते ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच घरचा पेला भरून त्यांच्या दारात नेला. नामदेवनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तहान काल होती काकू," तो म्हणाला. "आज चहा चालते."

मी चहा केला. तो आमच्या चुलीपाशी बसून दोन पेले प्यायला.

*

त्यांच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये या पोरांनी राजाराणीचं नाटक केलं. राजाच्या मिशा राणीच्या पदराला चिकटून गेल्या आणि पब्लिकनं राणीलाच मुजरे केले. दुसऱ्या दिवशी त्यांचे सर म्हणाले, "दिल्ली-दरबार कशाला करता? आपल्या गावात काय आहे ते शिका आधी."

संध्याकाळी प्रभाकर आमच्या घरात मान वर करून उभा. "काकू, खुंटीले काय टांगून आहे?"

"मृदंग आहे," मी म्हटलं.

"मृदंग नाई," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "लाकूड आहे. दिवाळीपर्यंत चुलीत जाईन."

"मग तोवर आमाले द्या ना जी," प्रभाकर म्हणाला.

हे काही बोलले नाहीत. यांच्या न बोलण्याचे दोन प्रकार आहेत. एकात 'नाही' असतं, दुसऱ्यात काय असतं ते अजून मला कळलेलं नाही. हा दुसरा प्रकार वाटला, म्हणून दुसऱ्या दिवशी हे कापसाच्या जिनात कामाला गेले तसा मी मृदंग उतरवून पोरांना दिला.

*

मृदंगाच्या डाव्या बाजूला भिजवलेली कणीक थापावी लागते, तेव्हा तो गंभीर बोलतो. हे पोरांना कोणीतरी सांगितलं होतं. कोणती कणीक ते सांगितलं नव्हतं. खोलीवर भाकरी खाणारी पोरं. गहू कुठला? त्यांनी ज्वारीचं पीठ भिजवून थापलं.

ज्वारीला चिकटपणा नाही. पहिल्या थापेला अर्धं पीठ प्रभाकरच्या छातीवर, दुसऱ्या थापेला उरलेलं समोर गात असलेल्या नामदेवच्या उघड्या तोंडात. पुन्हा थापलं, पुन्हा उडालं. हे घरी आले तेव्हा भिंतीपलीकडून "धप्... थू... धप्... थू..." असं चाललेलं.

यांनी जेवण सोडलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. हे सरळ डब्यापाशी गेले, सणासाठी ठेवलेलं गव्हाचं पीठ घेतलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काऊन रे, भाकर थापून राह्यले का?"

मग यांनी खाली बसून, अंगठ्यानं काठाकाठानं कणीक लावून दिली. कशी लावायची, किती लावायची, सगळं सांगितलं. शेवटी एक थाप मारली. फक्त एक. तो आवाज सहा वर्षांनी माझ्या घरापर्यंत आला.

परत येऊन हे जेवायला बसले. मी म्हटलं, "पोळ्याची कणीक होती ते."

"मंग?" हे म्हणाले. "पोळ्याले भाकर खाऊ."

*

दंडारीत बाईचं काम पुरुषच करतो. प्रभाकर नाजूक, म्हणून त्याला माझं लुगडं नेसवलं. चाल जमेना. मी म्हटलं, "घागर घेऊन विहिरीवर जाऊन ये. बाईसारखं चालणं घागरीशिवाय येत नाही."

तो डोक्यावर पदर घेऊन गेला आणि भरलेली घागर कमरेवर घेऊन आला. मागोमाग शेवंताबाई. "काऊन वो, कोण पावणी आली तुमच्याकडे? बोलत नाई, वर पाहत नाई."

"माझी भाची," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या पुतण्याची कुंडली घेऊन आली. प्रभाकर तेव्हा आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसलेला. त्यानं अदबीनं विचारलं, "मुलगा काय शिकला जी?"

"मॅट्रिक फेल आहे, पण रेल्वेत आहे."

"मंग राहू द्या," प्रभाकर म्हणाला. "पोरीले बी.ए. व्हायचं आहे."

शेवंताबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. विहिरीवर माझी घागर दिसताच तिनं तोंड मिटलं, ते त्याच आठवड्यात.

*

आता तो उरलेला अर्धा. एक दिवस यांनी पोरांना सांगितलं, "मी बोल शिकवतो. गाणे मले येत नाई. गाणे त्याच्याजवळ आहेत." 'त्याच्या' म्हणजे कोणाच्या, हे पोरांनी मला विचारलं. विचारलं नसतं तरी मी सगळं सांगितलं असतं, विचारल्यावर तर काय.

पोरं मोटारीनं कारंज्याला गेली. सखारामनं त्यांना जेवू घातलं, वहीभर गाणी लिहून दिली आणि म्हणाला, "शब्द दिले. ठेका त्याच्याजवळ आहे, त्याले विचारा."

पोरं परत आली. हे वही वाचून म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात एक ओळ कमी आहे. त्याले सांगा."

पुढच्या रविवारी पोरं पुन्हा कारंज्याला. सखाराम म्हणाला, "ओळ कमी नाई. तिथं त्यानं दोन आवर्तनं घ्यायची असते, त्याले आठवत नाई. त्याले सांगा."

तिसऱ्या रविवारी नामदेव माझ्यासमोर मटकन बसला. "काकू, आमी बी.ए. करून राह्यलो का पोस्टात लागलो?"

पण त्या रविवारी एक निरोप मोठा होता. सखारामनं विचारलं होतं, "मृदंग कोण वाजवते?" आणि नामदेवनं यांना न विचारता सांगून टाकलं होतं, "काका."

ते ऐकून हे गप्प. दुसऱ्या प्रकारचं गप्प.

*

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, देवळापुढच्या मोकळ्या जागेत, भर दुपारी चारला खेळ ठेवला. दंडार दिवसाउजेडी कोणी करत नाही, पण कॉलेजच्या सरांना संध्याकाळची गाडी धरायची होती. अख्खी गल्ली, अर्धं कॉलेज. शेवंताबाई सगळ्यात पुढे.

सखाराम आला. केस पिकलेले. यांच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला, दोघांच्या मध्ये नामदेव टाळ घेऊन.

"त्याले सांग," सखाराम नामदेवला म्हणाला, "सूर खालून घेतो. गळा बसला आहे."

"त्याले सांग," हे म्हणाले, "मले ऐकू आलं."

आणि सुरू झालं. मला त्यातलं शास्त्र समजत नाही. एवढं सांगते, की सखारामनं तान सोडली की तिच्या खाली यांचा हात आधीच येऊन बसलेला असे, पडणारं पोर झेलायला बसावा तसा. मी पदर तोंडात धरून बसले होते. शेवंताबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो खेळ संपेपर्यंत काढला नाही. तिचं माझ्यावर एवढं एक ऋण राहिलं आहे.

रात्रीचं जेवण आमच्याकडे. पंगतीत हे, नामदेव, सखाराम, मग प्रभाकर.

"त्याले म्हणा, अजून एक पोळी घे," हे म्हणाले.

"त्याले म्हणा, वयनी वाढून राह्यली तर मी नाई म्हणत नाई," सखाराम म्हणाला.

नामदेव म्हणाला, "मले जेवू द्या ना जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर शेवंताबाईनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "पोराईनं दोघा भावाईले बोलतं केलं."

"गायले, वाजवलं, जेवले," मी म्हटलं. "बोलले नाई. मी तिथंच होती."

घरी आले तर घरात कोणी नाही. सखारामला मोटारीवर पोचवायला हे गेले होते, मध्ये निरोपाला नामदेव. तासाभरानं नामदेव एकटा परत आला.

"काका कुठं?" मी विचारलं.

"कारंज्याच्या मोटारीत बसले."

"कारंज्याच्या? काऊन?"

"मले नाई माहीत काकू. काका मले म्हणाले, त्याले सांग, तिकिटं दोन काढ. मी सांगितलं. मंग म्हणाले, आता तू घरी जाय."