दीड मिनिट न हलता

मेहुणीचा फोन आला तेव्हा तो कपाटासमोर उभा होता. कपाट म्हणजे लेन्सचं कपाट. कपड्यांचं कपाट त्याने बायको गेल्यापासूनच्या नऊ दिवसांत उघडलंच नव्हतं, दोरीवर वाळत होते तेच दोन शर्ट आलटून पालटून घालत होता.

"भाऊजी, शाळेतून फोन होता," मेहुणी म्हणाली. "शनिवारी शोकसभा ठेवलीय तिच्यासाठी. मोठा करून लावायला फोटो मागतायत. मी म्हटलं, त्या घरात फोटोला काय तोटा! गुरुवारी येते न्यायला. चालेल ना?"

"चालेल."

"चेहरा स्पष्ट हवा हं. बालवर्गातली पोरं ती, त्यांना आपल्या बाई ओळखू आल्या पाहिजेत."

"देतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवून पुन्हा कपाटाकडे बघत राहिला.

नात्यात सगळे त्याला तपासनीस म्हणत. त्याला काही वाईट वाटायचं नाही, कारण नोकरीही तीच होती. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी निरनिराळ्या नळांवरून बाटल्या भरून येत आणि त्यांतलं पाणी किती गढूळ, किती स्वच्छ, हे तो यंत्रावर बघून नोंदवीत असे. अख्ख्या शहराने निर्धास्तपणे प्यावं म्हणून राबणारा हा माणूस, पण कुणाकडे गेला की पाण्याचा पेला आधी खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायचा. बायको दुसरीकडे बघत बसायची. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माणूस असल्या गोष्टींची लाज वाटून घेणं सोडून देतो.

त्याला फोटोग्राफीचा छंद होता असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर त्याला लेन्स निवडण्याचा छंद होता, फोटो हे त्याचं निमित्त. एक लेन्स घ्यायची तर चार-चार महिने वाचन चालायचं, वहीत दोन-दोन पानं भरायची. मग जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जाऊन विजेरीचा झोत काचेतून आरपार टाकायचा, आत बुरशी आहे का, धुळीचा कण आहे का, हे एक डोळा मिटून बघायचं. दुकानदार स्टुलावर बसून जांभया द्यायचा.

"साहेब, बायको बघायला गेलात तेव्हा एवढं बघितलं होतंत का?" त्याने एकदा विचारलं होतं.

"पाच मिनिटांत हो म्हणालो होतो," तपासनीस म्हणाला. त्यात विनोद आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. बायको शेजारीच उभी होती. ती मात्र खूप हसली.

लेन्स घरी आली की तिची परीक्षा. नमनालाच घडाभर तेल: कॅमेऱ्याखाली तिकाटणं लावायचं, फीत धरून अंतर मोजायचं, ढग सरकायची वाट बघायची. इतर हौशी लोक विटांच्या भिंतीचा नाहीतर भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो काढतात. पण नुसत्या भिंतीवर कातडीचा रंग कसा येतो ते कळत नाही. म्हणून बायकोने वर्तमानपत्र हातात धरून गॅलरीत उभं राहायचं. दोन्ही हात पुढे करून, छातीच्या उंचीवर, छोट्या जाहिरातींचं पान कॅमेऱ्याकडे.

"हलू नकोस."

"श्वास घेऊ ना?"

"घे. पण हळू."

हा संवाद एकोणीस वर्षं चालू होता. दर नव्या लेन्सला एकदा. शाळेत दिवसभर चाळीस पोरांना एका जागी बसवता बसवता तिचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि घरी आल्यावर हा तिला एका जागी उभं करायचा. तिची तक्रार नव्हती. पुढे पुढे तर तिला ते असं जमायला लागलं की तो खूश होऊन म्हणायचा, तिकाटण्यावर लावलेला कॅमेरा हलेल, पण तू हलणार नाहीस.

तर अशा माणसाच्या घरात फोटोला काय तोटा असणार?

बुधवारी कामावरून आल्यावर त्याने संगणक सुरू केला. चौथ्या दिवशीच तो कामावर रुजू झाला होता. लोक म्हणाले, सावरला बिचारा. तो सावरला-बिवरला काही नव्हता. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि ओठ आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. ती गेली हे त्याला ठाऊक होतं. पण पुढे काही होत नव्हतं. प्रयोगशाळेत यंत्राने शून्य दाखवलं की तो नेहमी दुसरा नमुना घालून बघायचा, पाणी खरंच एवढं स्वच्छ आहे की यंत्र बंद पडलंय म्हणून. स्वतःत घालून बघायला दुसरा नमुना त्याच्याकडे नव्हता.

फोटो लेन्सवार लावलेले होते. प्रत्येक लेन्सचा वेगळा कप्पा, त्यावर त्याचा शेरा. त्याने पहिला कप्पा उघडला. बायको गॅलरीत उभी होती, वर्तमानपत्र धरून. पत्रातली अक्षरं अशी लख्ख की कुणाला जुना फ्रिज विकायचाय आणि त्याचा फोन नंबर काय, ते सहज वाचता येत होतं. त्यामागे बायकोचा चेहरा पार विरघळलेला. दोन डोळ्यांच्या जागी दोन सावल्या.

दुसरा कप्पा. वर्तमानपत्र लख्ख, चेहरा विरघळलेला. तिसरा, चौथा, तेच.

असं होणारच होतं, आणि का ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं की एका अंतरावरचं तेवढं स्पष्ट येतं, वीतभर मागचं धूसर होतं. तोंड बारीक केलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. दर परीक्षेत तो उघड्यापासून बारीकपर्यंत आठ फोटो काढायचा. त्यांतल्या शेवटच्या दोन-तीनमध्ये बायकोचा चेहरा अगदी नीट यायचा. पण बारीक तोंडाला बाजारातली कुठलीही लेन्स बरी दिसते, त्यात लेन्सची परीक्षा काय? म्हणून ते फोटो तो त्याच संध्याकाळी पुसून टाकायचा. जागा अडते.

त्याने मोजले. बायकोचे तीनशे बेचाळीस फोटो होते आणि एकातही ती नव्हती. केस काळ्याचे पांढरे होत गेलेले धूसरपणातही कळत होते. चाळिसाव्या लेन्सपासून चष्मा आला होता. हे सगळं तो नोंदी वाचाव्या तसं वाचत गेला. लाज वाटायला हवी, असं त्याच्या मनात आलं, आणि ती यायची वाट बघत तो थोडा वेळ बसला. मग उठून त्याने भात लावला.

शाळेच्या ओळखपत्रावर तिचा फोटो होता, पण तो नोकरी लागली तेव्हाचा. पोरांनी विचारलं असतं, ह्या ताई कोण? तिच्या मोबाइलमध्ये पोरांनी काढलेल्या चित्रांचे फोटो होते, स्वतःचा एकही नव्हता. घरातल्या लग्नाकार्यात कॅमेरा आण म्हटलं की हा म्हणायचा, मी तसले फोटो काढत नाही. आणि नवरा एवढा फोटोवाला असताना तिचा फोटो दुसरं कोण कशाला काढेल?

गुरुवारी संध्याकाळी मेहुणी आली. बायकोपेक्षा चार वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ, हाताने उदार. आल्या आल्या तिने ओटा पुसला, मग खुर्ची ओढून बसली.

"द्या."

"नाहीये, ताई," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"फोटो."

ती आधी हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. त्याने तिला कप्पे उघडून दाखवले. सात-आठ फोटो बघितल्यावर तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हिचा चेहरा कुठाय?"

"मागे आहे. धूसर."

"आणि पेपर असा दिसतोय! भाऊजी, पेपर रोज सकाळी दाराशी येतो हो." तिचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका? एकोणीस वर्षांत एकदा कॅमेरा वर करून तिच्या तोंडावर धरावासा वाटला नाही तुम्हाला?"

मेहुणी तोंडाला पदर लावून रडली. तो शेजारी बसून ते बघत राहिला. तिला पाणी आणून द्यावं हे त्याला सुचलं, तेवढं त्याने केलं.

पाणी पिऊन तिने नाक पुसलं. "अजून काय आहे यात? सगळं दाखवा. मी रिकाम्या हाताने जायची नाही."

उरला होता फिल्टरचा कप्पा. गेल्या दोन वर्षांत लेन्स ठेवायला जागा उरली नव्हती म्हणून तो फिल्टरकडे वळला होता. त्यात एक काळा फिल्टर असतो, जवळजवळ आरपार न दिसणारा. तो लावला की उजेड इतका कमी आत जातो की एक फोटो घ्यायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत उमटतच नाही. "भर बाजारात लावा, साहेब," दुकानदार म्हणाला होता, "माणसं गायब. रस्ता तुमच्या बापाचा!" तीन कंपन्यांचे तीन फिल्टर त्याने बघायला म्हणून दोन दिवस आणले होते, एक ठेवून दोन परत करायचे होते.

ती संध्याकाळ ढगाळ होती. बाजाराच्या रस्त्यावर तिकाटणं लावून त्याने बायकोला सांगितलं होतं, "तूही गर्दीत चालत राहा. थांबू नकोस. थांबलीस तर फोटोत येशील." फिल्टरची पिशवी नेहमीप्रमाणे तिच्याकडे होती. पहिल्या फोटोत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. दुसऱ्यात परत आली. तिसऱ्याला सुरुवातीलाच जाऊन बाकावर बसली.

"अगं, सांगितलं होतं ना!" दीड मिनिट भरल्यावर घड्याळ थांबवून तो तिथूनच ओरडला होता. "वाया गेला सगळा!"

"बसले जरा," ती म्हणाली होती. "पण हलले नाही हं अजिबात."

तो फोटो त्याने पुसला नव्हता, फिल्टरचा रंग जुळवून बघायला ठेवला होता. शेरा होता: तिसरा, बाद, बाकावर माणूस.

त्याने तो उघडला.

"अगंबाई!" मेहुणी पुढे वाकली. "ही बघा! ही बघा की! मोठा करा ना."

त्याने मोठा केला. रस्ता रिकामा होता, दुकानं उघडी, आणि बाकावर बायको बसलेली होती, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. चष्म्याची दांडी दिसत होती, भुवईतला पांढरा केस दिसत होता. एकोणीस वर्षांची सवय. दीड मिनिट ती कपाळावरची रेघसुद्धा न हलवता बसली होती.

"हसतेय बघा कशी," मेहुणी म्हणाली. ती पुन्हा रडत होती, पण आता बरं वाटून. "हाच द्यायचा. होता की हो तुमच्याकडे! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण रस्त्यावर कुणीच कसं नाही?"

"सगळे होते. चालत होते, म्हणून दिसत नाहीत. हिलाही चालायलाच सांगितलं होतं."

तो आता तपासत होता. सवयीने, दुसरं काही येत नव्हतं म्हणून. डोळे स्पष्ट. केस स्पष्ट. बाकाची कड धरलेला हात स्पष्ट, बोटांची पेरं पांढरी पडलेली. ओठ उघडे होते. ते हसू नव्हतं, तिचं हसू त्याला माहीत होतं. मग त्याची नजर खाली आली. फिल्टरची पिशवी तिच्या गळ्यात होती, छातीवर टेकलेली, आणि सगळ्या फोटोत तेवढी एक पिशवी पुसट होती. कडा वरखाली हललेल्या. डोकं तिने स्थिर ठेवलं होतं, हात स्थिर ठेवले होते. छाती तिला थांबवता आली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, यांना दम कधीपासून लागतोय? बायकोने त्याच्याकडे बघितलं होतं. त्याने सांगितलं होतं, अलीकडेच, असेल महिनाभर. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभराचं हृदय असं नसतं.

फोटोखाली तारीख होती. चौदा महिन्यांपूर्वीची.

"पण चालायला सांगितलं होतंत ना तिला?" मेहुणीने विचारलं. "मग ही मध्येच बसली का?"

त्याने तोंड उघडलं आणि त्याचा ओठ थरथरला. दोन्ही हातांनी त्याने टेबलाची कड धरली.

"डॉक्टर विचारत होते ना, ताई, कधीपासून," तो म्हणाला. "या दिवशी लागला होता तिला दम. मी समोर उभा होतो. दीड मिनिट. घड्याळ लावून."