कशावरूनबाई आणि डोंगरीची फटफटी

"कशावरून?" हा एकच शब्द बाईंनी आयुष्यभर हत्यारासारखा वापरला. भाजीवाला म्हणाला, "आज सुबह की मेथी है मॅडम," की बाई जुडी उलटी करून देठ बघत आणि विचारत, "किस पर से?" असलं हिंदी ऐकून तो बिचारा आधी गोंधळायचा आणि मग मुकाट्याने दुसरी जुडी काढायचा. आमच्या भाईंदर पश्चिमेच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी मराठी. न्यूटनचा नियम सांगून झाल्यावर स्वतःच वर्गाला दटावत, "मी सांगितलं म्हणून मान डोलावताय? कशावरून खरं, ते विचारा की!" मुलांनी त्यांचं नाव कशावरूनबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे.

बाई शाळेत मोटरसायकलवरून येत. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे ही. पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी बूट आणि डोक्यावर कानटोपीवजा काहीतरी. एकदा एक पालक हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन आले, की बाईंमुळे मुलींवर वाईट परिणाम होतोय. हेडमास्तरांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "कशावरून? माझ्या वर्गातली एकही मुलगी अजून मोटरसायकल घेऊन पळालेली नाही. पळाली तर आधी मला कळेल, क्लच कसा दाबायचा ते विचारायला येईल ती." पालक गेले. हेडमास्तर नंतर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले होते.

बाईंच्या वडिलांचं साताऱ्याला गॅरेज. भाऊ नोकऱ्यांना लागले आणि गाड्यांचा नाद लागला तो या मुलीला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. रविवारी त्यांच्या बिल्डिंगखाली जुन्या मोटरसायकलींचे हौशी लोक जमत. कोणी वसईहून, कोणी पार दादरहून आपली गाडी दाखवायला आणी. नवा रंग, चकचकीत टाकी, आरशासारखा सायलेन्सर. बाई त्याकडे ढुंकूनही बघत नसत. सरळ खाली बसत आणि मडगार्डच्या आतून बोट फिरवत, हत्यारांच्या पेटीचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघत, इंजिनावरचे आणि चौकटीवरचे ठोकलेले आकडे नखाने चाचपत. "लोक गाडीचं तोंड बघतात, मी काख बघते," म्हणायच्या. "तोंडाला पावडर लावता येते." आकडे घासून पुन्हा ठोकलेले असले, तर तसं तोंडावर सांगत. कित्येक जण रागावून गेले. पुढच्या रविवारी त्यातलेच निम्मे परत येत.

एकदा मी म्हटलं, "अहो, बदलला असेल एखादा भाग. सांगायलाच हवं का?" त्यावर त्या भडकल्याच. "बदलला म्हणून गाडी खोटी होत नाही. माझे दोन दात बदललेत, मी खोटी आहे का? लपवलं की खोटं. आणि तेव्हाही खोटी गाडी नसते, सांगणारा असतो." बाईंशी वाद घालताना आपण हरणार हे आधीच माहीत असे. तरी घालावासा वाटे, कारण हरल्यावर चहा फार चांगला मिळायचा.

अशी त्यांची ख्याती झाली आणि एका शेठनी त्यांना लिलावाला परीक्षक म्हणून बोलावलं. जुन्या गाड्यांचा व्यापार होता त्यांचा. काशीगावच्या बाजूला, हायवेलगतच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर शामियाना घातला होता. बाईंना न्यायला मोटार आली, आणि सोबतीला म्हणून मीही गेले. खरं म्हणजे फुकटचं जेवण होतं. तीन परीक्षक होते. तिघांनी मान डोलावली, तर गाडी 'अस्सल' म्हणून अखंड विकली जायची. नाहीतर तिची रवानगी मागच्या ढिगात, म्हणजे सुटे भाग काढून भंगार.

सगळ्या गाड्या नवरीसारख्या नटलेल्या, आणि शेवटी एक असं ध्यान उभं होतं की लोक हसत होते. टाकी निळी, मडगार्ड हिरवी, दिव्याची वाटी लाल, आणि रंगाचे थर इतके जाड की बोट रुतेल. शेजारी भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या डोंगरी गावचा बस्त्याव उभा होता, सत्तरीचा ख्रिस्ती कोळी, आणि त्याची नात रोझलीन. बाईंनी विचारलं, हे असं कशाने? म्हातारा म्हणाला, "दरवर्साला होडीला रंग देताव. उरला तो हिला लावताव. खारं वारं हाय आमचेकडं. लोखंड खाते ते." त्याच्या डोळ्यांना आता कमी दिसत होतं. मुलगे आखातात होते. गाडी अंगणात सडण्यापेक्षा चालवणाऱ्या कोणाच्या तरी हाती अखंड जावी, एवढंच त्याचं म्हणणं. "फोडू नका म्हंजे झालं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

बाकीच्या दोघा परीक्षकांनी लांबूनच मान हलवली. भंगार. बाई मात्र नेहमीप्रमाणे खाली बसल्या. काख बघितली. आकडे बघितले. मग पेटीचं झाकण उघडून आतल्या कोपऱ्यात, जिथे होडीच्या रंगाचा ब्रश पोचला नव्हता, तिथे रुमालाने पुसलं. गडद किरमिजी रंग आणि त्यावर केसासारखी बारीक सोनेरी रेघ. कारखान्यातून निघताना होती तशी. बाई उठून म्हणाल्या, "इंजिन मूळचं, चौकट मूळची, रंग आत जिवंत आहे. होडीच्या रंगाने गाडी झाकली नाही, वाचवली. अस्सल."

आता बाकीचे दोघेही खाली वाकले आणि त्यांनीही मान डोलावली. शेठ खूश झाले. ढिगातला माल एकदम मखरात बसण्याजोगा निघाला होता! त्यांनी माणसाला हाक मारली, "थिनर ला रे, पूरा कलर उतार. ओरिजनल निकाल के फोटो खिचेंगे." बस्त्यावचा चेहरा पडला. त्याने टाकीवर हात ठेवला. आणि बाई गाडीच्या आडव्या आल्या.

"हा रंग काढायचा नाही."

"मॅडम, आप ही तो बोले, अंदर ओरिजनल है."

"अंदर भी ओरिजनल है, बाहर भी ओरिजनल है. कारखान्यात ही गाडी असेल महिनाभर. बाकी सगळा जन्म डोंगरीत काढलाय. तो पुसून तिला पुन्हा कारखान्यातून आलेली दाखवणार? हे खोटं. रंग काढलात तर मी अस्सल म्हणणार नाही."

शेठनी समजावलं, मग आवाज चढवला, मग पुढच्या वर्षी बोलावणार नाही अशी धमकी दिली. बाईंनी विचारलं, "कशावरून? मी येईन, असं तुम्हाला कशावरून वाटलं?" आजूबाजूला लोक जमले. दुसऱ्या परीक्षकांनी घड्याळं बघितली. अखेर शेठ म्हणाले, की मग गाडी ढिगात जाईल आणि हत्यारं लावून आत्ताच सुटी केली जाईल.

"मालक कोण आहे? तुम्ही की हे?" बाई बस्त्यावकडे वळल्या. "दादा, तुम्हाला चालवणारं माणूस हवंय ना? तुमच्या घरी कोणीच चालवत नाही?"

"कोन चालवनार? घरान म्हातारी न् ही पोर."

तेव्हा रोझलीन पुढे येऊन म्हणाली, "मी चालवते."

"कवा?"

"तुमी चर्चला जाता तवा. अंगणान. आता चिंचेवर आपटत न्हाय."

शामियान्यात हशा पिकला. बस्त्याव मात्र नातीकडे बघतच राहिला. मग त्याने शेठच्या माणसाच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. एवढा वेळ नुसता 'फोडू नका' म्हणून विनवणारा माणूस ताठ उभा राहून म्हणाला, "इकाची न्हाय."

आम्हाला सोडायला मोटार आली नाही, हे सांगायला नकोच. जेवणही बुडालं. बाईंनी किक मारली, बस्त्यावला मागे बसवलं आणि ते निळं-हिरवं ध्यान फटफटत डोंगरीकडे निघालं. मी आणि रोझलीन मागून रिक्षाने. त्यानंतर कितीतरी रविवार बाई डोंगरीला जात राहिल्या आणि रोझलीनला पक्कं लायसन मिळेपर्यंत तिचा पिच्छा सोडला नाही. शेठनी बाईंबद्दल बरंच वाईट पसरवलं. रविवारची गर्दी ओसरली. मला फार वाईट वाटायचं, बाईंना मुळीच नाही. "बरं झालं. आता गाडी नटवून आणणारे येत नाहीत," असं म्हणून त्या चहा टाकत.

दशक संपता संपता बाई गेल्या. झोपेतच, कोणाला काही न विचारता. पुण्याहून भाऊ आले. बिल्डिंगखाली शववाहिनी उभी होती, माणसं मान खाली घालून कुजबुजत होती, आणि गल्लीच्या टोकाकडून तो आवाज आला. रोझलीन. नर्सचा पांढरा पोशाख तसाच, ड्यूटीवरून सरळ आलेली. टाकी यंदा पिवळी होती.

सोसायटीचे सेक्रेटरी धावत गेले. "अहो, इंजिन बंद करा. मयत आहे इथे, काही रीत आहे की नाही?" रोझलीनने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

मी आयुष्यात कधी सेक्रेटरींपुढे तोंड उघडलेलं नव्हतं. पाण्याच्या बिलावरूनही नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "बंद करू नकोस गं. शववाहिनीच्या पुढे राहा." भाऊ वाट देऊन बाजूला झाले. शेजारच्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, तू कुठे निघालीस? बायका जात नाहीत स्मशानात."

मी पदर खोचला आणि रोझलीनच्या मागे बसले.